साक्षीची वेल

सभागृहाचं दार उघडायच्या आधीच माणसं खिडक्यांच्या गजांना लोंबकळत होती. ज्यांना आत जागा मिळणार नव्हती ती जिन्यावर, कठड्यावर, शेजारच्या सायकलदुकानाच्या फळीवर बसली होती. समोर माझं औषधांचं दुकान. त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणाल तर माशी नव्हती. खोकला, ताप, गुडघे सगळं विसरून गाव साक्षीबाबाकडे धावलं होतं. मीही शटर अर्धं ओढलं आणि गेलो. बघायला गेलो, दर्शनाला नाही, हे सांगून टाकतो.

बाबा चार-पाच महिन्यांपूर्वी आला होता. बरोबर एक शिष्य, एक ट्रंक आणि एक वेल. वेल म्हणजे अंगठ्याएवढा जाड, पिळलेला, पानं सोललेला दोर. लांब टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ती वेल. चोरी झाली, विश्वासघात झाला, कुणी कुणाबद्दल वाईट बोललं, की संशयितांनी येऊन वेल धरायची. निर्दोष माणसाचा हात कोरा राहतो. गुन्हेगाराच्या हातावर पाप उमटतं.

"मी कोण?" बाबा बोलत होता. कोपरापर्यंत हातांना पांढरी माती थापलेली. "मी कुणी नाही. मी नुसता खुंटा. बोलते ती वेल. वेलीला वकील लागत नाही, तारीख लागत नाही, साहेबाची सही लागत नाही. आणि वेलीला घाई पण नाही. खोटारडा तिला धरतो, घरी जातो, पोटभर जेवतो, घोरतो. मनात हसतो. हसू दे. आतलं पाप हळूहळू वर येतं, दूध उतू यावं तसं. फक्त एक अट. तीन दिवस हात पाण्याला लावायचे नाहीत. ज्यानं हात धुतले, त्यानं गुन्हा कबूल केला."

माझ्या शेजारी उभा असलेला पोस्टमन मान डोलवत होता. मी त्याला हळूच म्हटलं, "धुवायचे का नाहीत?"

"पाप वाहून जाईल ना," तो म्हणाला. जणू मीच अडाणी.

त्या दिवशी खुर्चीवाल्या काकूंच्या घरचा निवाडा होता. काकूंच्या नवऱ्यानं आयुष्यभर खुर्च्या बनवल्या, म्हणून हे नाव. तो वारला, आता कारखाना मुलगा चालवत होता. काकूंची सोन्याची साखळी कपाटातून गेली होती. कपाटापर्यंत पोचणारी माणसं तीनच. मुलगा, सून आणि अधूनमधून घरातलं लाकूडकाम करायला येणारा म्हातारा पॉलिशवाला.

शिष्यानं तिघांना जागा दाखवल्या. मुलगा टेबलाच्या या टोकाला, पॉलिशवाला मध्ये, सून पार त्या टोकाला. "तुम्ही इथे, ताई. नाही, अजून पुढे. हां." वेलीचा शेवट त्यानं तिच्या दोन्ही मनगटांना दोन वेढे देऊन गुंडाळला. हे करताना त्याच्या हातात जाड हातमोजे होते. कुणी विचारलं असतं तर तोही पवित्र विधीच निघाला असता. कुणी विचारलं नाही.

सून टोकाला उभी होती. सडपातळ, विशीतली. माहेर लांब, आईवडील नाहीत. तिची तीन वर्षांची मुलगी ठकी काकूंच्या कडेवरून "आई, आई" करत तिच्याकडे झेपावत होती.

"घट्ट धर गं," काकू म्हणाल्या. "मन साफ असेल तर कसली भीती?"

"भीती नाही आई," सून म्हणाली आणि तिनं वेल आणखी घट्ट धरली.

तिचा नवरा चादरीकडे बघत होता.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या अंगणात गर्दी जमली. सुनेचे तळवे तांबडेलाल झाले होते, मनगटांवर फोडांच्या दोन माळा उठल्या होत्या. पाण्यानं टच्च भरलेले फोड, द्राक्षांसारखे. खाज इतकी की ती हात दाराच्या चौकटीवर घासत होती. काकू तिला दंडाला धरून अंगणाच्या मधोमध आणत आणि येणाऱ्या प्रत्येकीला हात दाखवत. शेजारणी ओळीनं येऊन बघून गेल्या. एकीनं मुलाला उचलून घेतलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

"कुठे विकलीस?" काकूंचा प्रश्न ठरलेला होता.

"मी नाही घेतली आई."

"हात बोलतायत, तोंड बंद ठेव."

तिला कारखान्यामागच्या फळ्यांच्या खोलीत ठेवलं. जमिनीवर भुसा. दरवाजाला बाहेरून कडी. औषध नाही, पट्टी नाही, कारण बाबाचा निरोप आला होता, की पाप झाकलं तर ते घरात फिरतं. उघड्या फोडांवर लाकडाचा भुसा चिकटत होता. नवरा रोज सकाळी त्याच खोलीतून फळ्या न्यायचा. तिनं त्याला एकदा विचारलं, "अहो, तुम्हाला तरी पटतं का?" तो म्हणाला, "लोक काय म्हणतायत ते तू ऐकतेस ना," आणि फळी खांद्यावर घेऊन निघून गेला. हे तिनंच मला पुढे सांगितलं.

ठकी काही ऐकणारी नव्हती. दरवाजाच्या खालच्या फटीतून अंग चोरून ती आत शिरायची आणि आईच्या कुशीत झोपायची. आईच्या अंगावर निवाड्याच्या दिवशीचेच कपडे होते. दुसरे कुणी दिलेच नव्हते.

मग एक दिवस काकू माझ्या दुकानात आल्या. ठकी कडेवर. तिच्या डाव्या गालावर लाल पट्टे उठले होते, डोळा सुजून बंद झाला होता.

"हिच्यासाठी मलम द्या," काकू म्हणाल्या. "आईचं पाप लेकराला भोवलं."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तेव्हा काउंटरशी उभी होती, औषधांचा हिशोब घेत. पन्नाशीची बाई, तोंडानं तिखट. लोक तिला घाबरायचे, तिच्याकडे जायचे मात्र अगदीच उपाय थकले की. तिनं ठकीची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला.

"ही रानात खेळायला गेली होती?"

"छे, अंगणाबाहेर जात नाही."

"वेलीला हात लावलान?"

"नाही हो. वेल हिच्या आईनं धरली होती."

"आणि ही आईजवळ झोपते?"

काकूंनी मान हलवली. डॉक्टरीणबाईनं बोटानं पट्टे हवेत गिरवले. तीन समांतर रेषा, एकसारख्या अंतरावर. "काकू, पाप असं पट्टी लावून ओळी मारत नाही. हे कापडाच्या चुण्यांचे ठसे आहेत. आईच्या बाहीवर काहीतरी लागलंय, त्यावर गाल ठेवून पोर झोपली. मला तुमची सून दाखवा."

"तिला कुणी बघायचं नाही, बाबा म्हणाले आहेत."

"बाबा येऊन या पोरीचा डोळा उघडणार असतील तर मी घरी जाते."

काकूंनी ठकीला खांद्यावर घेतलं. मग वाट दाखवत पुढे चालू लागल्या. नातीचा डोळा उघडतो की नाही, हीच त्यांची काळजी होती. सुनेबद्दल त्यांनी विचारही केला नसेल, असं मला वाटतं.

मीही बॅग घेऊन बरोबर गेलो. खोलीचा वास मी इथे सांगत नाही. डॉक्टरीणबाई भुशात गुडघ्यावर बसली आणि तिनं ते हात बराच वेळ बघितले. फोड फुटून पू धरला होता. मनगटावर मात्र वेलीचे दोन वेढे अजून मोजता आले असते. तिनं हातमोजे चढवले, सुनेचे कपडे बदलायला लावले, जुने पिशवीत बांधले. जखमा धुतल्या, पट्ट्या केल्या. सून रडली नाही. पट्टी होताना एवढंच म्हणाली, "बाई, मी खरंच नाही घेतली. पण मग हे कसं झालं? मला वाटायला लागलं होतं, झोपेत घेतली असेन."

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. मग ती म्हणाली, "रानाच्या कडेला तीन-तीन पानांची वेल असते, तिच्या चिकाची जळजळ आहे ही. चीक तेलकट असतो. अंगाला लागला तर लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी फोड येतात. तोवर माणूस विसरून जातो की हात कुठे लागला होता. लगेच साबणानं खसखसून धुतलं तर बहुतेक वेळा सुटका होते. कपड्यावर, कोयत्यावर, कुत्र्याच्या केसांवर तो चीक महिनोन् महिने टिकतो. तू काही चोरलेलं नाहीस. तुला हात धुऊ दिले नाहीत, एवढंच झालंय."

बाहेर आल्यावर मला एक गोष्ट आठवली. बाबाचा शिष्य दर आठवड्याला माझ्याकडून कपडे धुवायचा कडक साबण आणि रबरी हातमोजे न्यायचा. मला वाटायचं, देवमाणसाला स्वच्छतेची आवड आहे. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली. ते हसू बघून मला बाबाची थोडी काळजी वाटली.

पुढच्या निवाड्याला ती आधीच पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर पांढरे कागद, चाकू आणि हातमोजे. काकूही आल्या होत्या, मुलालाही आणलं होतं. सून दवाखान्यात होती.

बाबानं दोन भावांना टेबलाशी बोलावलं. जमिनीचं भांडण होतं. शिष्य जागा दाखवायला लागला, एवढ्यात डॉक्टरीणबाई उठली.

"बाबा, वेल उलटी करा."

"म्हणजे?"

"हे टोक तिकडे, ते टोक इकडे. वेलीला सगळे सारखे ना? मग तिला कुठूनही धरलं तरी चालेल."

बाबा हसला. "बाई, वेलीची परीक्षा बघणाऱ्याचं वाटोळं होतं."

"माझं होऊ दे. तुम्ही हाताची माती धुऊन ते टोक धरा."

"आधी तुम्ही धरा की."

"मी नाही धरणार. मला ती काय आहे ते माहीत आहे. तुम्हाला ती देव वाटते, तुम्ही धरायला काय हरकत?"

मागून कुणीतरी खुसफुसलं. लोक असे असतात. निवाडा बघायला आलेले असले तरी भांडण दिसलं की भक्ती बाजूला ठेवतात. डॉक्टरीणबाई टेबलाशी गेली आणि तिनं चादर वर उचलून सगळ्यांना दाखवली. एका टोकाला चादर स्वच्छ होती. दुसऱ्या टोकाला, सून जिथे उभी होती तिथे, शाई सांडल्यासारखे काळे डाग होते.

तिनं हातमोजे घातले. वेलीच्या या टोकाला चाकूनं ओरखडा काढला, कागद दाबला. कागद ओला झाला, तसाच राहिला. मग त्या टोकाला ओरखडा, दुसरा कागद. तो तिनं उंच धरला. सभागृह वाट बघत होतं. ओला डाग आधी तपकिरी झाला, मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळा.

"दोन वेगळ्या वेली टोकाला टोक पिळून एक दोर केलाय," ती म्हणाली. "अर्धा साधा. अर्धा आपल्या रानाच्या कडेचा, ज्याच्याजवळून तुम्ही गुरं हाकता. पानं सोलली की ओळखू येत नाही. कुणाच्या हाताला फोड यावेत, हे वेल ठरवत नाही. कुणाला कुठे उभं करायचं ते हा शिष्य ठरवतो. आणि फोड यायला वेळ लागतो, म्हणून हात धुवायला बंदी. बाबांच्या हाताला माती, शिष्याच्या हाताला मोजे, आणि मागच्या खोलीत साबणाची बादली आहे. जाऊन बघा."

दोघे जाऊन बघून आले. बादली होती.

शिष्य दाराकडे सरकला. कुणीतरी त्याची कॉलर धरल्यावर तो घडाघडा बोलायला लागला. "मला काय मारता? लोक आदल्या दिवशी येऊन सांगतात, कुणाला त्या टोकाला ठेवायचं ते. खुर्चीवाल्यांचा मुलगाच आला होता. म्हणाला, बायकोला ठेवा. साखळी त्यानंच एका बाईला दिली होती, आणि घरात शोध लागायला नको होता."

काकू मुलाकडे वळल्या. सगळं सभागृह वळलं. तो उभा राहिला, आणि मग त्यानं त्याला सुचलं तेवढं केलं. बाबाच्या अंगावर धावला. "भोंदू," तो ओरडला. "माझ्या बायकोचे हात जाळलेस."

गर्दीला तेवढंच हवं होतं. माणूस आपल्या मूर्खपणाचा सूड कुणावर उगवतो हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. कालपर्यंत पायांवर डोकं ठेवणाऱ्यांनी बाबाला खाली पाडलं. पोस्टमननं त्याचे पाय धरले. वेलीचं ते टोक कुणी कपड्यात गुंडाळून घेतलं आणि बाबाच्या तोंडावर, मानेवर, मिटलेल्या पापण्यांवर घासलं. पुन्हा पुन्हा. बायका हसत होत्या. डॉक्टरीणबाई ओरडत होती, "सोडा त्याला, पोलिसांकडे द्या, तुमच्याच हाताला लागेल." तिला कुणीतरी बाजूला ढकललं. ती चुकीचं सांगत होती असं कुणाचं म्हणणं नव्हतं. तिचं सांगून झालं होतं, आता त्यांची पाळी होती.

मग वेली बाहेर काढल्या. ट्रंकेत आणखी भारे होते. खुर्चीवाल्यांचा मुलगा सगळ्यांच्या पुढे. त्यानं कारखान्यातून भुसा आणि पॉलिशचं तेल आणलं. रस्त्याच्या मधोमध ढीग रचला.

डॉक्टरीणबाईनं त्याचा दंड धरला. "जाळू नकोस. ऐक. धुरात तो चीक जातो. हाताला जे झालं ते छातीत होईल. खड्डा खणून पुरूया. मी सांगते तसं कर."

"तुम्ही बाजूला व्हा, बाई," तो म्हणाला. "आज या वेलीचा नायनाट करतो."

सगळे बघत होते, आणि त्याला तेच हवं होतं. बायकोची बाजू घेणारा नवरा. त्यानं काडी ओढली. ओल्या वेलींनी पेट घेतला नाही, नुसता धूर धरला. दाट, पिवळट. तो ढिगाशी वाकून फुंकर घालत राहिला. मी आणि डॉक्टरीणबाईनं जेवढी पोरं हाताला लागली तेवढी दुकानात ओढली, शटर खाली घेतलं, फटींना ओले टॉवेल लावले. बाहेरून लोक खोकत खोकत टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या खाटा भरल्या. सुजलेले चेहरे, बंद झालेले डोळे, घशात फोड. पोस्टमनला पाणी गिळता येत नव्हतं. बाबाचा चेहरा ओळखू येत नव्हता, त्यालाही डॉक्टरीणबाईनंच खाटेवर घेतलं, त्याच्याही पट्ट्या तिनंच केल्या. खुर्चीवाल्यांच्या मुलाची छाती शिट्टीसारखी वाजत होती. मोठ्या शहरात न्यायला गाडी आली तेव्हा तो बसलेला होता, आडवा होऊ शकत नव्हता. सून शेजारच्या खोलीतून उठून आली. पट्ट्यांनी बांधलेले हात. तिनं त्याच्याकडे बघितलं.

"पाणी," तो म्हणाला.

तिला पेला धरता येईना. मी धरला. त्याच्या घशाखाली घोट उतरला नाही.

चार दिवसांनी तो गेला.

आता मला सांगा, गावानं काय म्हटलं असेल? तुम्ही म्हणाल, डॉक्टरीणबाईचं ऐकलं असतं तर वाचला असता, असं म्हटलं असेल. माझ्या काउंटरवर पहिल्याच दिवशी तीन माणसांनी मला सांगितलं, की साक्षीबाबाचा तळतळाट लागला. ज्यानं वेल पेटवली त्याला वेलीनं आतून जाळलं. बाईंना बाबांनी सांगितलं होतं की वाटोळं होईल, झालं की नाही? दवाखान्याबाहेर बाबासाठी रांग लागली. ज्यांनी त्याच्या पापण्यांवर वेल घासली होती तेही माफी मागायला रांगेत होते, स्वतःच्या सुजलेल्या हातांवर काहीही न लावता. बाबा बरा झाला, पोलिसांनी जबाब घेतला, साक्ष द्यायला कुणी आलं नाही, तो सुटला. दुसऱ्या कुठल्यातरी गावात आहे म्हणतात. चेहऱ्यावरचे डाग तो आता तपश्चर्येचे म्हणून दाखवतो.

आणि काकू. काकू मुलाचं सगळं उरकून थेट दवाखान्यात आल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, माफी मागतील.

"तुझ्या हातांनी माझं घर खाल्लं," त्या म्हणाल्या. "तू गपचूप सोसलं असतंस तर तो असता आज."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काकू, धुरानं मेला तो. मी त्याचा हात धरला होता, तुम्ही बघत होतात."

"तुम्ही दोघींनी मिळून," काकू म्हणाल्या, आणि ठकीकडे न बघता निघून गेल्या.

सून ठकीला घेऊन गाव सोडून गेली. तिची बोटं पूर्ण मिटत नाहीत, पूनं आत खोल नुकसान केलं होतं. शिवणकाम यायचं तिला, ते आता जमत नाही.

डॉक्टरीणबाई अजून इथेच आहे. रानाच्या वाटेवर तिनं पाटी लावली होती, तीन पानांचं चित्र काढून. कुणीतरी पाटी उखडून नेली. तिनं पुन्हा लावली. तिनं मला सांगितलं, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत जा, कंटाळा आला तरी. म्हणून सांगतो. रानात जाताना हातपाय झाका. तीन-तीन पानांच्या गुच्छाची वेल दिसली तर हात लावू नका, पानं झडलेली असली तरी नाही, वाळलेली असली तरी नाही. लागलीच तर तिथल्या तिथे साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, नखांखाली पण. कपडे वेगळे काढून धुवा, कोयता धुवा. फोड आले तर खाजवू नका, डॉक्टरकडे जा. आणि काही झालं तरी ती वेल जाळू नका.

हे सगळं पाठ झालं तरी पुरणार नाही, हेही मला कळतं. त्या सभागृहात तीनशे माणसं होती. पोस्टमन होता, दोन मास्तर होते, मी होतो. सून त्या टोकाला उभी राहिली तेव्हा एकानं जरी विचारलं असतं, की हिनं या टोकाला का, तिकडे का नाही, आणि शिष्याच्या हातात मोजे कशाला, तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रश्न अवघड नव्हता. तुमच्यासमोर उद्या कुणी असा दोर धरायला देईल, कुणी पाणी, कुणी राख. धरायच्या आधी एवढं विचारा. उत्तर आवडलं नाही तर हात मागे घ्या. आणि शेजारी दुसऱ्या कुणाला धरायला लावत असतील, तर त्याच्यासाठीही विचारा, कारण त्याची हिंमत होणार नाही.